मिटलेल्या डोळ्यांआड

(माणसाच्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा झोपेत जातो. या काळात आपल्या शरीराचे आणि मनाचे काय होते, हे कोडे शास्त्रज्ञांना विसाव्या शतकात थोडे थोडे उलगडू लागले. ते कसे उलगडले, याची हकिकत प्रस्तुत पाठात सांगितली आहे.)

रात्री झोप आली, की आपण दिवा मालवतो, डोळे मिटतो आणि थोड्याच वेळात सगळे विसरून जातो. सकाळी जाग येते. मधले सात-आठ तास कोठे गेले, ते सांगता येत नाही. कधी एखादे स्वप्न आठवते, तेही अर्धेमुर्धे. तोंड धुऊन होईपर्यंत तेही विरून जाते.

स्वप्नांविषयी माणसाला पूर्वीपासून कुतूहल आहे. आपल्याकडे 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' अशी म्हण आहे. उर्दूत याच अर्थाची, पण अधिक गमतीची म्हण तुम्ही घरी ऐकली असेल : 'बिल्ली को ख्वाब में भी छीछडे नजर आते हैं.' स्वप्नांचे अर्थ सांगणारे ख्वाबनामे आजही बाजारात विकले जातात. पण स्वप्न नेमके केव्हा पडते? ते किती वेळ चालते? झोपलेल्या माणसाकडे नुसते बघून त्याला स्वप्न पडत आहे, हे ओळखता येईल का? या साध्या प्रश्नांची उत्तरे फार काळ कोणालाच ठाऊक नव्हती. झोपेत मेंदू विसावतो, दिवा मालवावा तसा तोही मालवतो, असेच बहुतेक शास्त्रज्ञ मानत असत. ज्याचे काम बंद आहे त्याचा अभ्यास तरी काय करायचा?

अमेरिकेतील शिकागो विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला मात्र हा विचार पटला नव्हता. त्यांचे नाव नॅथॅनिएल क्लाइटमन. त्यांचा जन्म १८९५ साली किशिनेव्ह या गावी झाला. हे गाव तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होते. आज ते मॉल्डोव्हा देशाची राजधानी आहे. तरुणपणी ते अमेरिकेत आले आणि त्यांनी सारे आयुष्य झोपेच्या अभ्यासाला वाहून घेतले. झोप हा एकच विषय घेऊन बसलेला माणूस तेव्हा विरळाच होता.

क्लाइटमन यांना एक प्रश्न पडला होता. आपण चोवीस तासांतून एकदा झोपतो, ते केवळ सूर्य उगवतो आणि मावळतो म्हणून, की आपल्या शरीरातच एखादे घड्याळ आहे? हे तपासायचे तर जेथे दिवस नाही आणि रात्रही नाही अशी जागा हवी. अशी जागा त्यांना केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत सापडली. १९३८ साली ते आणि ब्रूस रिचर्डसन नावाचा त्यांचा तरुण विद्यार्थी या गुहेत उतरले आणि ३२ दिवस तेथेच राहिले. आत मिट्ट काळोख. उन्हाळा असूनही गुहेतील तापमान कायम सुमारे १२ अंश सेल्सिअस. उंदीर अंथरुणावर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय जंतुनाशकाने भरलेल्या डब्यांत ठेवले होते. तेथे दोघांनी २४ तासांऐवजी २८ तासांचा दिवस पाळायला सुरुवात केली. हिशेब करून पाहा : २८ तासांचे सहा दिवस म्हणजे आपला बरोबर एक आठवडा.

एका आठवड्यात रिचर्डसनचे शरीर नव्या दिवसाला सरावले. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमन यांचे मात्र काही केल्या जमेना. बाहेरच्या जगात जेव्हा रात्र असे, तेव्हाच त्यांना झोप येई. सूर्य दिसत नव्हता, तरी शरीरातले घड्याळ चालूच होते. दाढी वाढलेल्या अवस्थेत दोघे गुहेतून बाहेर आले, तेव्हा झोप म्हणजे नुसता अंधाराचा परिणाम नव्हे, एवढे तरी कळले होते.

पण झोपेच्या आत काय चालते, हे अजून कळायचे होते. ते एका विद्यार्थ्यामुळे कळले. खरे तर त्या विद्यार्थ्याच्या आठ वर्षांच्या मुलामुळे.

यूजीन ॲसेरिन्स्की हा विद्यार्थी क्लाइटमन यांच्याकडे आला, तेव्हा त्याची परिस्थिती फार बिकट होती. तो तिशीला टेकला होता. पत्नी होती, मूल होते. शिक्षणात कितीतरी वर्षे गेली होती. पण साधी पदवीही हातात नव्हती. पैशांची तर नेहमीच ओढाताण. त्यात गुरूंनी काम दिले ते असे : झोपी जाणाऱ्या तान्ह्या बाळांच्या पापण्यांकडे बघत बसायचे आणि त्या कशा हलतात ते टिपायचे. ॲसेरिन्स्कीला हे काम कंटाळवाणे वाटे. आपल्या हातून काही होणार नाही, अशी भीती त्याला सारखी वाटत असे. तरी पण तो चिकाटीने बसून राही.

मोठ्या माणसांचे डोळे रात्रभर झोपेत कसे असतात, हेही पाहावे, असे पुढे त्याच्या मनात आले. विद्यापीठाच्या तळघरात एक जुने, मोडकळीला आलेले यंत्र पडून होते. त्याने ते बाहेर काढले आणि खटपट करून चालू केले. हे यंत्र काय करीत असे, ते समजून घेऊ. आपला डोळा एखाद्या लहानशा बॅटरीसारखा असतो. त्याचा पुढचा भाग मागच्या भागाच्या मानाने किंचित धन विद्युतभाराचा असतो. डोळ्यांच्या कडेला त्वचेवर धातूच्या लहान चकत्या चिकटवल्या, की बुबुळ हलताच विजेत होणारा बारीक बदल तारांमधून यंत्राकडे जातो. यंत्रातील पेने हलतात आणि सरकत्या कागदावर रेघा उमटतात. डोके व चकत्या यांचा असाच उपयोग करून मेंदूतल्या विजेच्या लहरीही कागदावर उतरवता येतात. मेंदूच्या लहरी टिपण्याची ही युक्ती हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी शोधली होती आणि १९२९ साली ती जगापुढे मांडली होती.

एका रात्रीत या यंत्राला सुमारे अर्धा मैल लांबीचा कागद लागे! एवढा कागद उगाच वाया घालवणे कोणाला परवडणार? म्हणून तोवर संशोधक मधूनमधून थोडा वेळ यंत्र चालवत आणि बंद करीत. ॲसेरिन्स्कीने मात्र यंत्र रात्रभर चालू ठेवायचे ठरवले. माझ्या मते खरा शोध येथेच लागला. पुढे दिसले ते कोणालाही दिसले असते. पण तोवर कोणी बघत बसलेच नव्हते.

१९५१ सालचा डिसेंबर महिना होता. झोपायला कोण येणार? ॲसेरिन्स्कीने आपल्या मुलालाच प्रयोगशाळेत आणले. त्याच्या डोक्याला आणि डोळ्यांजवळ चकत्या चिकटवल्या, त्याला खाटेवर झोपवले आणि स्वतः शेजारच्या खोलीत यंत्रापाशी जाऊन बसला. मुलगा झोपला. पेनांच्या रेघा संथ झाल्या. बराच वेळ काहीच घडले नाही. मग अचानक पेने भराभर हलू लागली. डोळे इकडून तिकडे पळत असल्याच्या खुणा कागदावर उमटल्या. मेंदूच्या लहरीही जाग्या माणसासारख्या दिसू लागल्या. मुलाला जाग आली, असे समजून बाप उठला आणि त्याच्या खोलीत गेला.

मुलगा गाढ झोपेत होता. डोळे मिटलेले होते.

अशा वेळी सर्वांत आधी काय वाटेल? यंत्र बिघडले! ॲसेरिन्स्कीलाही तसेच वाटले. यंत्र जुने होतेच. त्याने ते तपासले, तारा तपासल्या, पुन्हा पुन्हा प्रयोग केला. मोठ्या माणसांना झोपवून पाहिले. झोपलेल्यांच्या खोलीत जाऊन, उजेडात, पापण्यांखाली बुबुळे सरकताना स्वतः पाहिली. दर रात्री तेच. झोप लागल्यावर तासा-दीड तासाने डोळे धावू लागत, काही वेळाने थांबत आणि मग पुन्हा तसेच घडे. क्लाइटमन तर फारच सावध. आपल्या विद्यार्थ्याचे म्हणणे त्यांनी लगेच मान्य केले नाही. शेवटी त्यांनी आपल्या मुलीला झोपवून स्वतः खात्री करून घेतली, तेव्हाच ते शोधनिबंधावर सही करायला तयार झाले. गुरूने विद्यार्थ्यावर असा अविश्वास दाखवावा का, असे तुम्हांला वाटेल. पण विज्ञानात ही रीतच आहे, आणि ती चांगली आहे.

आता स्वप्नांचा प्रश्न. झोपलेल्या माणसांचे डोळे धावत असताना त्यांना हलवून उठवले आणि विचारले, "तुम्हांला आता काही दिसत होते का?" असे २७ वेळा विचारले, तेव्हा २० वेळा उत्तर आले, "होय, स्वप्न पडत होते," आणि लोकांनी ते तपशिलासह सांगितले. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवून विचारले, तर १९ वेळा कोणालाच काही आठवेना. १९५३ सालच्या सप्टेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा जेमतेम दोन पानांचा निबंध छापून आला. या झोपेला आज 'रेम झोप' म्हणतात. मराठीत तिला शीघ्र नेत्रचलन निद्रा असेही नाव आहे. पण ते उच्चारताना माणसाची झोपच उडेल.

ॲसेरिन्स्कीला अखेर डॉक्टरेट मिळाली. पण पोटापाण्यासाठी त्याला ताबडतोब नोकरी हवी होती. ती मिळाली सिएटलमध्ये, आणि काम होते सॅमन माशांवर विजेच्या प्रवाहाचा काय परिणाम होतो, ते पाहण्याचे! झोपेच्या अभ्यासाचा दरवाजा उघडून तो स्वतः माशांकडे गेला. पुढे काही वर्षांनी तो पुन्हा या विषयाकडे वळला.

मागे राहिलेले काम विल्यम डेमेंट या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने पुढे नेले. डोळे धावू लागल्यावर कधी पाच मिनिटांनी, तर कधी पंधरा मिनिटांनी तो झोपलेल्यांना उठवी आणि विचारी, "स्वप्न किती वेळ चालले होते? पाच मिनिटे, की पंधरा?" १११ वेळा हा प्रश्न विचारला, त्यांपैकी ९२ वेळा उत्तर बरोबर आले. स्वप्न क्षणार्धात संपते, अशी जी समजूत होती ती यामुळे डळमळली. एकदा एका माणसाचे डोळे फक्त डावीकडे-उजवीकडे हलत होते. त्याला उठवले, तर त्याने सांगितले, की दोन माणसे एकमेकांना टोमॅटो फेकून मारत होती आणि तो ते बघत होता!

डेमेंटने आणखी एक गंमत केली. झोपलेल्यांच्या अंगावर त्याने गार पाण्याचे थेंब उडवले. बरेच जण झोपेतून उठले नाहीत. पण नंतर जागे केल्यावर काहींनी सांगितले, की स्वप्नात छप्पर गळत होते किंवा पाऊस पडत होता. म्हणजे बाहेरचे जग झोपेतही थोडे आत शिरते आणि स्वप्न त्याला आपल्या गोष्टीत सामावून घेते. सकाळी शाळेची घंटा वाजल्याचे स्वप्न पडते आणि जाग येऊन पाहावे, तर उशाशी गजर वाजत असतो. हा अनुभव तुम्हांलाही आला असेल.

आता तुम्ही विचाराल, स्वप्नात आपण धावतो, भांडतो, झाडावर चढतो. मग अंथरुणात हातपाय का हलत नाहीत? याचे उत्तर फ्रान्समधील लिऑन शहरात मिशेल झूव्हे या शास्त्रज्ञाला १९५९ साली मिळाले, आणि तेही मांजरांकडून. झोपलेल्या मांजराच्या मेंदूच्या लहरी जाग्या प्राण्यासारख्या होतात, तेव्हाच त्याच्या मानेचे स्नायू अगदी ढिले पडतात, असे त्याला आढळले. मेंदू जागा आणि शरीर लुळे! म्हणून त्याने या झोपेला 'विरोधाभासी झोप' असे नाव दिले. मेंदूच्या देठातून स्नायूंना 'हलू नका' असा हुकूम जातो. डोळ्यांचे आणि श्वासाचे स्नायू तेवढे त्यातून सुटतात.

मग झूव्हे याने मेंदूच्या देठातील ज्या लहानशा भागातून हा हुकूम निघतो, तो भाग काही मांजरांमध्ये निकामी केला. ती मांजरे झोपेतच उठून उभी राहिली. समोर काही नसताना दबा धरून बसली, झेप घेऊ लागली, पंजे मारू लागली. मांजराला विचारता येत नाही, त्यामुळे त्याला काय दिसत होते ते नक्की सांगता येणार नाही. पण ज्याने कोणी ती छीछड्यांची म्हण प्रथम म्हटली, त्याचा अंदाज अगदीच वाऱ्यावर नव्हता. (काही माणसांमध्येही, विशेषतः उतारवयातील पुरुषांमध्ये, हा हुकूम नीट पोहोचत नाही आणि ती झोपेत हातपाय झाडतात. हा एक आजार आहे, असे अमेरिकेतील मिनेसोटा येथील डॉक्टरांनी १९८६ साली दाखवून दिले.)

याच हुकुमामुळे घडणारी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कित्येक मुलांना भिवविते. पहाटे अचानक जाग येते. डोळे उघडतात, खोली दिसते, घड्याळाची टिकटिक ऐकू येते. पण हात उचलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. छातीवर कोणीतरी बसले आहे, असे वाटते. कधी दारात कोणी उभे असल्याचा भास होतो. अर्ध्या मिनिटाने किंवा एक-दोन मिनिटांनी सारे ठीक होते. पण मूल घाबरून जाते आणि कोणाला सांगायलाही धजत नाही. जगभर लोकांनी याला भुताखेतांची नावे दिली आहेत. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर लोक म्हणत, छातीवर म्हातारी चेटकीण बसते. जपानमध्ये याला 'कानाशिबारी' म्हणतात. म्हणजे जणू कोणी धातूने जखडून टाकले आहे. खरे कारण एवढेच, की मन जागे झाले, पण स्नायूंना दिलेला हुकूम मागे घ्यायला मेंदूला थोडा उशीर झाला. स्वप्नाचा तुकडा अजून डोळ्यांत आहे. म्हणून दारात कोणी दिसते. श्वास चालूच असतो. अपुरी झोप झाली, झोपेच्या वेळा बदलल्या, किंवा उताणे झोपले, की असे अधिक घडते. तुमच्या धाकट्या भावंडाला असे झाले, तर त्याला हसू नका. हे कारण त्याला समजावून सांगा.

मोठ्या माणसाच्या झोपेचा सुमारे पाव भाग रेम झोपेचा असतो. साधारण दीड-दीड तासाने ती येते आणि पहाटेकडे अधिक लांबत जाते. म्हणूनच सकाळची स्वप्ने आठवतात. नवजात बाळाची तर जवळजवळ निम्मी झोप अशी असते. तान्हे बाळ झोपेत हसले, की आपल्याकडे खेड्यांतल्या बायका म्हणतात, सटवाई त्याला हसवते आहे. त्या वेळी बाळाच्या पापण्यांकडे जरा निरखून बघा.

पुढे असेही आढळले, की स्वप्ने केवळ रेम झोपेतच पडतात असे नाही. इतर झोपेतही मनात काही ना काही चालू असते, मात्र ते सहसा फिके आणि तुटक असते. आपण आहोत, बघत आहोत, ही जी जाणीव असते, ती झोपेत नेमकी कशी मावळते आणि स्वप्नात पुन्हा कशी उगवते, हे कोडे अजून सुटलेले नाही.

मात्र एक आश्चर्याची गोष्ट हाती लागली आहे. काही जणांना स्वप्न चालू असतानाच 'हे स्वप्न आहे' असे कळते. पूर्वी यावर फारसा कोणाचा विश्वास बसत नसे. इंग्लंडमधील हल विद्यापीठात १९७५ साली कीथ हर्न या संशोधकाने एका माणसाला सांगून ठेवले होते, "स्वप्नात आहोत असे कळताच डोळे डावीकडून उजवीकडे ठरावीक वेळा हलवायचे." हातपाय लुळे असले, तरी डोळे मोकळे असतात ना! तो माणूस झोपला आणि त्या रात्री त्याने झोपेतून ठरलेली खूण केली.

२०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स या चार देशांतील प्रयोगशाळांनी आणखी एक पाऊल टाकले. स्वप्नात असलेल्या माणसांना त्यांनी चक्क प्रश्न विचारले. बहुतेक वेळा काहीच उत्तर आले नाही. १५८ वेळा विचारले, तेव्हा केवळ २९ वेळा बरोबर उत्तर मिळाले. एकाने नंतर सांगितले, की स्वप्नात तो प्रश्न गाडीतल्या रेडिओतून ऐकू आला. अमेरिकेतील एक तरुण असाच रेम झोपेत होता. स्वप्नात असल्याची खूण त्याने डोळ्यांनी केली, तेव्हा संशोधकांनी हळू आवाजात विचारले, "आठातून सहा गेले, किती राहिले?"

पापण्या मिटलेल्याच होत्या. पडद्यावरची रेघ डावीकडे-उजवीकडे हलली, एकदा आणि आणखी एकदा. संशोधकांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. रेघ पुन्हा दोनदाच हलली.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) क्लाइटमन आणि रिचर्डसन गुहेत किती दिवस राहिले?
(आ) ॲसेरिन्स्कीने प्रयोगासाठी प्रथम कोणाला झोपवले?
(इ) झूव्हे याने रेम झोपेला कोणते नाव दिले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) यंत्राची पेने भराभर हलू लागली, तेव्हा ॲसेरिन्स्कीला काय वाटले? नंतर त्याने काय काय तपासले?
(आ) स्वप्नात आपण धावतो, पण अंथरुणात आपले हातपाय हलत नाहीत. असे का?

३. खालील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
वाहून घेणे, दबा धरून बसणे, खात्री करून घेणे, झोप उडणे.

४. झोप किंवा स्वप्न यांविषयी घरात बोलली जाणारी एखादी उर्दू म्हण आजी-आजोबांना विचारा. तिचा अर्थ मराठीत चार-पाच वाक्यांत लिहा.